फिटर कुणाचा, हे तुम्ही का शोधायचं?

वाचकाचं पत्र

आम्ही डिचोलीला राहतो. घर जुनं, चिऱ्याचं. यंदा स्वयंपाकघर नवं करून घेतलं. म्हापशातल्या एका शोरूममधून मॉड्युलर किचन, चिमणी आणि हॉब (ओट्यात बसवलेली गॅसची शेगडी) असं सगळं बसवण्यासकट 2,85,000 रुपयांना ठरलं. चिमणी-हॉब हप्त्यांवर घेतले, बाकीचे पैसे चेकने दिले. 28,500 रुपये द्यायचे राहिलेत. एप्रिलमध्ये दोन मुलगे येऊन फिटिंग करून गेले आणि जाताना ‘काम समाधानकारक’ असं छापलेल्या कागदावर त्यांनी माझी सही घेतली. पाऊस सुरू झाला आणि सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगला. दोन शटर एकमेकांना घासतात. चिमणी एका अंगाने खाली आली आहे, तिच्या पाइपाच्या भोकातून पावसाचं पाणी भिंतीवर ओघळतं. हॉबची गॅसची नळी ड्रॉवरमागे दबते ती वेगळीच. शोरूमवाले म्हणतात, फिटिंगचा कॉन्ट्रॅक्टर वेगळा, त्याच्याशी बोला. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, गोव्याच्या पावसात लाकूड फुगायचंच, आणि आधी राहिलेले पैसे द्या. शोरूमचे मालक यजमानांच्या ओळखीचे, म्हणून यजमान लिहून द्यायला तयार नाहीत, वाईट दिसतं म्हणतात. सासूबाई म्हणतात, चवथीला घर भरेल, गावातल्या सुताराला बोलवून मोकळे व्हा. काय करू?

— एक वाचक, डिचोली

उत्तर

ताई, बाकीचं सगळं मागाहून. आधी गॅस.

पत्रात नळीची गोष्ट तुम्ही जाता जाता, शेवटी लिहिली आहे. माझ्या लेखी ती पहिली. आजच रेग्युलेटर बंद करा, ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि नळी नेमकी कुठे दबते त्याचा फोटो घ्या. मग गॅस एजन्सीच्या मेकॅनिकला बोलवा. नळीला मुडप पडली असेल किंवा चॅनलची कड तिला घासत असेल, तर ती पुसून पुन्हा लावायची नाही, बदलायचीच. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि हात घालून तपासता येईल अशी मोकळी हवी. सिलिंडर कपाटात ठेवला असेल तर त्या कपाटाला खालच्या बाजूला हवेची जाळी आहे का तेही बघा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तळाशीच साचतो, वरच्या जाळीचा काही उपयोग नाही. वास आलाच तर 1906 हा नंबर कधीही लागतो. मेकॅनिकची पावती जपून ठेवा, तो खर्च शोरूमकडे मागायचा आहे. पण त्यासाठी शोरूमची वाट बघत बसू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. धरायचं कुणाला?

शोरूमला. फक्त शोरूमला. ते दोन मुलगे कुणाचे, त्यांना रोज कोण देतो, कॉन्ट्रॅक्टर आणि शोरूम यांचं आपसात काय ठरलंय, ही त्यांची घरगुती बाब आहे. तुम्ही कॉन्ट्रॅक्टरला शोधायला गेला नव्हता, त्याच्याशी भाव केला नव्हता, त्याला एक रुपया दिला नाही. शोरूममध्ये बसून बसवण्यासकट किंमत ठरली आणि चेक शोरूमच्या नावाने फाटला. ज्याने पैसे घेतले त्याने काम करून द्यायचं, मग ते स्वतःच्या माणसांकडून करो की दुसऱ्याच्या. ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्यात सदोष मालाइतकीच सेवेतली उणीवही तक्रारीला पुरते, आणि पैसे घेऊन करून दिलेलं फिटिंग ही सेवाच. म्हणून कॉन्ट्रॅक्टरला फोन करणं आजपासून बंद. त्याचा आला तर ‘शोरूमशी बोला’ एवढंच सांगून ठेवायचं. इतके दिवस त्यांनी जे तुम्हाला ऐकवलं, तेच.

शोरूमशी बोलण्याआधी एक काम करा, बिल आणि कोटेशन शोधून काढा. बिलावर फिटिंगची वेगळी ओळ असेल तर उत्तमच. नसेल, पण कोटेशनवर ‘बसवण्यासह’ असं असेल, तरी चालेल. तेही नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फिटिंगवाले उद्या पाठवतो’ अशा अर्थाचा शोरूमचा मेसेज नक्की सापडेल, तो पुसला जाणार नाही याची काळजी घ्या. फिटिंगचं बिल कॉन्ट्रॅक्टरच्या नावाने वेगळं फाडलेलं असेल तरच दोघांनाही पत्र पाठवायचं. पत्रावरून तरी तुमच्याकडे तसं दिसत नाही.

सहीचं फार मनाला लावून घेऊ नका. फिटिंग करून थकलेली पोरं दारात उभी असतात, आपणही धूळ झाडायच्या घाईत असतो, आणि समोर आलेल्या कागदावर सही होते. त्या सहीचा अर्थ एवढाच की त्या दिवशी वरवर पाहता काम झालेलं दिसलं. एप्रिलच्या कोरड्या हवेत सिंकखालची फळी जूनमध्ये फुगणार हे कुणालाच दिसणार नव्हतं. अशा आतल्या दोषावर सहीने पडदा पडत नाही. शोरूमवाले तो कागद नाचवतील, नाचवू द्या.

‘गोव्याच्या पावसात लाकूड फुगायचंच’ या वाक्याचा मात्र समाचार घ्यायला हवा, कारण तुमचं सगळं प्रकरण त्याच्यावर उभं आहे. गोव्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हा शोध काही यंदा लागलेला नाही. म्हापशात दुकान थाटून डिचोलीत किचन विकणाऱ्याला तो माहीत असायलाच हवा. शिवाय हवेतल्या दमटपणाने फुगायचं असतं तर सगळी कपाटं थोडी थोडी फुगली असती. फक्त सिंकखालचीच फुगली, म्हणजे तिथे पाणी पोचतंय.

टॉर्च घेऊन त्या कपाटात डोकं घाला. सिंकचा वेस्ट पाइप जिथून खाली जातो तिथलं भोक बघा. कारखान्यातून येणाऱ्या फळीच्या चारही कडांना प्लॅस्टिकची पट्टी चिकटवलेली असते, पण पाइपाचं भोक फिटर जागेवर पाडतो, आणि त्याची आतली कड उघडी राहते. तिथे सिलिकॉन भरायला काही मिनिटं लागतात, आणि घाईत नेमकी तीच वाचवली जातात. पाइपाच्या जोडाला बारीकसा घाम आला तरी ती उघडी कड पाणी ओढत राहते. फुगवटा भोकाभोवती जास्त आणि कडेला कमी असेल, तर दोष कुठे झाला हे सांगायला तज्ज्ञही नको. सगळ्या बाजूंनी फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्या.

मग त्याच उघड्या कडेवर नखाने खरवडा. लाकडाचा चुरा, बारीक ढलप्या निघाल्या तर ते पार्टिकल बोर्ड. पिठासारखा मऊ भुगा निघाला तर एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, किंवा त्याच जातीचा दुसरा बोर्ड. एकावर एक थर दिसले तर प्लायवूड. आता कोटेशन उघडा. तिथे ‘बीडब्ल्यूपी’ (उकळत्या पाण्यातही टिकणारं) किंवा ‘मरीन प्लाय’ लिहिलेलं असेल तर तो माल आयएस 710 या मानकाचा असायला हवा, आणि त्याच्या बोर्डावर आयएसआयचा शिक्का असतो. वादच झाला तर त्या बोर्डाचं खरेदी बिल मागा. लिहिलंय मरीन प्लाय आणि कड सांगतेय चुरा, असं निघालं, तर तुमची तक्रार एका फळीची राहत नाही. ठरलेला माल दिलाच नाही, अशी ती होते, आणि मग सगळी खालची कपाटं बदलून मागायचा तुम्हाला हक्क आहे. कोटेशनवरच पार्टिकल बोर्ड असेल तर माल ठरला तोच दिला, चूक फिटिंगची. तेव्हा ती फळी आणि जोड एवढंच मागा. जे ठरलं नव्हतं ते मागून आपली बाजू लंगडी करू नका.

त्याच न्यायाने सांगते, घासणाऱ्या शटरांचा फार बाऊ करू नका. आजकालच्या बिजागऱ्यांना स्क्रू असतात, ते फिरवून शटर वर-खाली, मागे-पुढे सरकतं. जाणत्या माणसाचं दहा मिनिटांचं काम. मात्र शटर सरळ केल्यावर महिन्याभरात पुन्हा घासायला लागलं, तर कपाटच तिरकं बसलंय असं समजा. चिऱ्याची जुनी भिंत ओळंब्यात क्वचितच असते. फिटरने भिंत आणि कपाट यांच्यामधल्या फटीत पट्टी घालून, खालचे पाय वर-खाली करून ते समपातळीत आणायचं असतं. ओट्यावर आणि कपाटाच्या तळावर स्पिरिट लेव्हल ठेवून फोटो काढला की बोलायला जागा उरत नाही.

चिमणीचं प्रकरण याहून गंभीर. चिऱ्याच्या भिंतीवर गिलाव्याचा थर बराच जाड असू शकतो. आखूड प्लग मारला तर तो गिलाव्यातच अडकतो, चिऱ्यापर्यंत पोचतच नाही. वर दहा-पंधरा किलोंचं धूड, त्यात मोटर चालली की थरथर. एक स्क्रू सैल झाला की एक अंग खाली येतं, तुमच्याकडे झालं तसं. चिमणी वापरणं तूर्त थांबवा आणि तिच्याखालचा बर्नर पेटवू नका. दुरुस्तीला माणूस आला की त्याच भोकात जाडा स्क्रू कोंबू देऊ नका. नवं भोक, चिऱ्यात खोल जाणारा अँकर, हे समोर उभं राहून करून घ्या. डक्टचा, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप भिंतीतून बाहेरच्या बाजूला किंचित उतरता हवा, आणि बाहेर झाकण असलेली टोपी हवी. तीच नसते, म्हणून पाणी उलटं आत येतं. आणि हो, चिमणीचं वॉरंटी कार्ड उघडून बघा. कंपनीच्याच माणसाने बसवली पाहिजे अशी अट पुष्कळ कार्डांवर असते. तशी असेल आणि शोरूमने भलत्याच मुलांकडून बसवून घेतली असेल, तर पत्रात तो मुद्दा घाला.

यजमानांचं म्हणणं मला कळतं. गोवा केवढासा. आज ज्याला नोटीस पाठवायची तो उद्या जत्रेत समोर येणार, परवा लग्नाच्या पंगतीत शेजारी बसणार. पण भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. तोंडी बोललेलं ओळखीत विरघळून जातं, आणि सहा महिन्यांनी ‘तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत’ हेच ऐकावं लागतं. तेव्हा असं करा. आधी यजमानांनी मालकांना स्वतः फोन करावा, गोडीत, घरच्यासारखा. आणि फोन ठेवल्या ठेवल्या तेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं: ‘आत्ता बोललो त्याप्रमाणे तुम्ही बुधवारी माणूस पाठवताय, आभारी आहे.’ यात वाईट दिसण्यासारखं काय आहे? मालक खरोखर ओळखीचे असतील तर बुधवारी माणूस येईल. नाही आला तर ती ओळख किती खोल होती तेही कळेल.

बुधवार कोरडा गेला की मात्र पत्र. ईमेलने, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि स्पीड पोस्टने, तिन्हीकडून, पोचपावती राहील अशा रीतीने. मजकूर साधा ठेवा, ‘मानसिक छळ’ वगैरे शब्द नकोत. साधारण असा:

‘आपल्या अमुक तारखेच्या बिलाप्रमाणे आपण आमच्या घरी मॉड्युलर किचन, चिमणी व हॉब बसवून दिले. त्यात पुढील दोष आढळले आहेत: सिंकखालच्या कपाटाचा तळ पाणी शोषून फुगला आहे, पाइपाच्या भोकाची कड बंद केलेली नाही. चिमणी भिंतीतून सैल झाली असून डक्टच्या भोकातून पाणी येते. गॅसची नळी ड्रॉवरमागे दाबली जात होती. धोका असल्याने ती आम्ही एजन्सीकडून बदलून घेतली, पावती जोडली आहे. दोन शटर घासतात. फोटो सोबत आहेत. हे पत्र मिळाल्यापासून 7 दिवसांत पाहणी व 15 दिवसांत दुरुस्ती आपल्या खर्चाने करून द्यावी. उरलेले 28,500 रुपये तयार आहेत. दुरुस्ती पूर्ण झाल्याच्या दिवशी देऊ. मुदतीत काम न झाल्यास ते दुसरीकडून करून घेऊन त्याचा खर्च आपल्याकडून मागावा लागेल.’

पैशाबद्दलचं वाक्य वगळू नका. गप्प बसून पैसे अडवले तर तुम्ही थकबाकीदार ठरता. काम झालं की त्याच दिवशी देतो असं लेखी दिलंत तर चेंडू त्यांच्या अंगणात. ‘अर्धे आता द्या, माणूस पाठवतो’ अशी मखलाशी होईल, तिला बळी पडू नका. तेवढे पैसे हातात आहेत म्हणून तर फोन उचलले जातात. चिमणी-हॉबचे हप्ते मात्र अजिबात थांबवायचे नाहीत. फायनान्स कंपनीचा फिटिंगशी संबंध नाही, हप्ता चुकला की दंड लागतो आणि तुमची पत खराब होते. रागाच्या भरात लोक नेमकं हेच करून बसतात.

सासूबाईंचा सल्ला चुकीचा नाही, फक्त वेळ चुकीची आहे. आत्ताच सुताराला बोलावून फळी बदलली तर पुरावा गेला, आणि ‘आमच्या कामाला दुसऱ्याने हात लावला, आता आम्ही जबाबदार नाही’ म्हणायला शोरूम मोकळं. पत्रातली मुदत टळली की त्याच सुताराला खुशाल बोलवा. पण आधी त्याच्याकडून एका कागदावर लिहून घ्या की काय बिघडलंय, कशामुळे, आणि दुरुस्तीला किती लागतील. सही, तारीख, फोन नंबर. काढलेली फुगलेली फळी भंगारात जाऊ देऊ नका, माळ्यावर ठेवा. चवथीला अजून अवधी असेल तर हे सगळं बसतं. नसेल, तर तात्पुरता मार्ग म्हणजे पाइपाचा जोड प्लंबरकडून घट्ट करून घ्या, सिंकखालचं कपाट रिकामं करून उघडं ठेवा, आणि चिमणी खाली उतरवून बाजूला ठेवा, उतरवण्याआधी व्हिडिओ काढून. खतखतं शिजायला आणि नेवऱ्या तळायला चिमणी लागत नाही, सासूबाईंना विचारा.

एवढं करूनही शोरूम हललं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. ते तक्रार नोंदवून दुकानाकडे पाठवतात. ते न्यायालय नव्हे, हुकूम देऊ शकत नाहीत, पण बाहेरून विचारणा आली की बऱ्याच दुकानांची सुस्ती उतरते. त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. डिचोली उत्तर गोव्यात, म्हणून तुमचा आयोग पर्वरीला. दुकान कुठेही असतं तरी नव्या कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता आली असती. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही भरता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे घाबरून उद्याच धावायला नको, पण ‘बघू पुढच्या पावसात’ असंही नको. दुरुस्तीचा खर्च, गॅसवाल्याची पावती, तक्रारीचा खर्च आणि झालेल्या त्रासाची भरपाई एवढं मागता येतं. कायदा तीन ते पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा धरतो. प्रत्यक्षात जास्त वेळ जातो हे गृहीत धरा. दोन्ही बाजू तयार असतील तर आयोग मध्यस्थीकडेही पाठवतो. ओळखीच्या माणसाशी असलेल्या वादाला मला तोच मार्ग बरा वाटतो, यजमानांनाही पटेल.

माझा अंदाज विचाराल तर गोष्ट पर्वरीपर्यंत जाणार नाही. पत्र पोचलं की मालक स्वतः फोन करतील, थोडे फुगतील, ‘अहो, एवढं लिहायची काय गरज होती’ म्हणतील, आणि माणूस पाठवतील. तो आला की काम संपल्यावर लगेच पैसे काढू नका. सिंकला बूच लावून सिंक काठोकाठ भरा, मग बूच काढा आणि खाली टॉर्च धरून जोडाला कोरडा टिश्यू पेपर लावून बघा. चिमणी पूर्ण वेगाने थोडा वेळ चालू ठेवा. बाहेरून डक्टच्या टोपीवर पाइपाने पाणी मारायला मुलाला सांगा आणि तुम्ही आत भिंतीपाशी उभ्या राहा. सगळे ड्रॉवर आतपर्यंत ढकलून गॅसची नळी पुन्हा एकदा हाताने चाचपून घ्या. हे सगळं कोरडं ठणठणीत निघालं की मगच 28,500 चा चेक, आणि पावतीवर ‘सिंकखालचे कपाट व चिमणीची दुरुस्ती करून दिली’ असं शोरूमच्या शिक्क्यानिशी लिहून घ्या. या वेळी छापील कागद पुढे आला तर सहीच्या आधी मोकळ्या जागेत स्वतःच्या अक्षरात लिहा: ‘पावसाळ्यात पुन्हा तपासणी बाकी.’